चौऱ्याण्णव टक्के जुळणारा उमेदवार

तेहतीस वर्षं मी पेपर तपासले, आणि एवढ्या वर्षांत मराठीच्या पेपरात कुणाला चौऱ्याण्णव दिल्याचं मला आठवत नाही. जामबागेतल्या आमच्या शाळेत माझा हात आखडता म्हणून प्रसिद्ध होता. शुद्धलेखन चोख असलं तर मी आशयात दोन कापायची, आशय चांगला असला तर अक्षरात. अशा माझ्यासारखीला सुनेच्या फोनने सांगितलं की आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराशी माझे विचार चौऱ्याण्णव टक्के जुळतात. त्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं. ज्या माणसाबरोबर सदतीस वर्षं संसार केला त्याच्याशी माझे साठ टक्के जुळले असते तरी मी देवापुढे साखर ठेवली असती.

आणि सांगायला लाज वाटते, पण तो आकडा बघून मला आनंद झाला. पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. त्या आनंदाचा आज मला इतका संताप येतो की हे लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

झालं असं, की कॉर्पोरेशनची निवडणूक लागली होती. आम्ही गौलीगुड्यात एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. सून पुण्याची, संगणकातली, हुशार आणि मनाने सरळ. एका रविवारी सकाळी ती फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, ही वेबसाइट बघा ना. वीस प्रश्न आहेत. उत्तरं दिली की कुठला उमेदवार आपल्या विचारांचा आहे ते कळतं. जात नाही, चेहरा नाही, भाषणं नाहीत. फक्त मुद्दे."

मला ते एकदम पटलं. या शहरात आम्हा मराठी माणसांकडे निवडणुकीत जो येतो तो हात जोडून "मराठी लोगां तो हमारेच हैं" एवढंच म्हणतो आणि पुढच्या दारात जातो. आपल्याला कुणीतरी मुद्दे विचारतंय, तेही वीस, याचंच मला अप्रूप वाटलं.

प्रश्न इंग्रजीत होते, तेलुगूत होते, उर्दूत होते आणि सरकारी हपिसात भिंतीवर लावतात तसल्या हिंदीत होते. मराठीत नव्हते, पण त्याची आम्हाला सवय आहे. प्रत्येक प्रश्नाखाली पाच चौकोन. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. शहराच्या विकासात पर्यावरणाचं भान ठेवावं का? महिलांच्या सुरक्षेला प्राधान्य द्यावं का? नागरी कारभार पारदर्शक असावा का? पाण्याच्या जोडण्यांना नव्या पद्धतीचे मीटर बसवावेत का? मी चष्मा पुसला आणि भराभर उत्तरं दिली. सून कौतुकाने म्हणाली, "तुम्हाला एकाही ठिकाणी विचार करावा लागला नाही!"

नाहीच लागला. कारण मी विचार केलाच नव्हता. मी मुलींना जन्मभर शिकवत आले की प्रश्न नीट वाचा, परीक्षकाला काय हवंय ते प्रश्नातच दिसतं. मी परीक्षकाला काय हवंय ते ओळखलं आणि दिलं. मला काय हवंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. महिलांच्या सुरक्षेला प्राधान्य द्यायला असहमत कोण म्हणणार आहे? असला प्रश्न काढणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण त्या दिवशी मी चांगल्या मुलीसारखी 'पूर्ण सहमत'वर बोट ठेवलं.

आता खालच्या मजल्यावरच्या वहिनींबद्दल सांगायला हवं. हे सगळं ज्यांना भोवलं त्या या वहिनी. त्या आणि त्यांचे मालक नांदेडकडचे, शेती भावांकडे सोडून चाळीस वर्षांपूर्वी इथे आले आणि बाजारात मसाल्याचं दुकान टाकलं. आमच्या शहरात नळाला नल्ला म्हणतात, आणि आमच्या गल्लीत नल्ला एक दिवसाआड येतो. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखाली पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकमेकींना खेटून गेल्यात आणि कुठेतरी दोन्ही फुटल्यात. त्यामुळे नल्ला आला की पहिली पंधरा-वीस मिनिटं पिवळं पाणी येतं, आणि त्याला जो वास येतो तो कशाचा हे सांगायला नको. वहिनी ते सोडून देतात, पुढचं पाणी भरतात, गाळतात, उकळतात. तरी त्यांच्या सहा वर्षांच्या नातीला वर्षभरात दोनदा कावीळ झाली. दुसऱ्या वेळी पोरगी नऊ दिवस दवाखान्यात होती. तिचे डोळे हळदीसारखे झालेले मी स्वतः जाऊन पाहिले होते.

आमच्याकडे सुनेने पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलंय. पिण्याचे कॅन वेगळे येतात. म्हणजे एका इमारतीत, एका पाइपावर राहून मला तो वास दर खेपेला येत होता, पण तो माझा मुद्दा नव्हता. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

त्या निवडणुकीत सात-आठ उमेदवार होते. त्यांतली एक अपक्ष, तेलुगू बाई, कोपऱ्यावर ब्लाउज शिवायचं दुकान असलेली. नातीच्या दुसऱ्या काविळीच्या वेळी, निवडणुकीचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा, ही बाई आमच्या गल्लीत आली. तिने माणूस लावून चेंबरचं झाकण काढवलं, आत वाकून बघितलं आणि वहिनींच्या नल्ल्याखाली एक बाटली भरून घेतली. "अम्मा, ये बोतल मैं साब के टेबल पे रखतूं. देखेंगे क्या बोलते," असं म्हणून ती वहिनींना घेऊन पाण्याच्या हपिसात गेली. दोनदा गेली. साहेबांनी दोन्ही वेळा बाटली टेबलावरून खाली ठेवायला लावली, पण तक्रार लिहून घेतली. म्हणून वहिनींचा जीव तिच्यावर होता. "निवडून येवो न येवो, मी तिलाच देणार," असं त्या मला जिन्यात म्हणाल्याही होत्या.

आणि मग आला गुरुवार. दर गुरुवारी दुपारी आमच्या भगिनी मंडळाचं भजन असतं. मंडळातल्या निम्म्या बायका माझ्या विद्यार्थिनी तरी आहेत, नाहीतर विद्यार्थिनींच्या आया. साठीच्या बायकासुद्धा मला बाईच म्हणतात आणि मी आत आले की पदर सारखा करतात. भजन झाल्यावर चहाच्या वेळी मी मोठ्या ऐटीत ती वेबसाइट सांगितली. म्हटलं, जातीवर मत देऊ नका, ओळखीवर देऊ नका, मुद्द्यांवर द्या. लगेच सगळ्यांचे फोन बाहेर निघाले. कुणाच्या मुलाने घेऊन दिलेला, कुणाच्या काचेला चीर गेलेली.

या बायका दखनी बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत, भाजीवाल्याला सळो की पळो करून सोडतील. पण 'नागरी निकायांची वित्तीय स्वायत्तता' हे समोर आल्यावर त्या गप्प झाल्या. मग एकीने विचारलं, "बाई, पैल्याचं बरोबर उत्तर काय?"

इथे मी म्हणायला हवं होतं की यात बरोबर-चूक काही नसतं, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पण 'बरोबर उत्तर काय' हे शब्द कानावर पडले की माझं सगळं अंगच फळ्याकडे वळतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पहिला, पूर्ण सहमत. दुसरा, पूर्ण सहमत. तिसरा, नीट ऐका, इथे फसवलंय, असहमत." एकतीस बायकांना मी वीसच्या वीस उत्तरं सांगितली. मागे बसलेल्या दोघी मागे पडल्या तर त्यांच्यासाठी सातवा आणि आठवा पुन्हा सांगितला. आणि सर्वांनी एकमेकींच्या फोनमध्ये बघून ताळा केला.

पाण्याचा प्रश्न आला, तो मीटरचा, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बाई, मीटरचं जाऊ द्या. आमच्याकडं गटारीचं पाणी यायलंय, ते कुठं लिहू?"

मी म्हटलं, "तसा प्रश्न नाहीये यात. सहमत करा."

वहिनींनी सहमत केलं.

शेवटी निकाल आला. एकतीस फोनवर एकच चेहरा, गंध लावलेला, हसतमुख, आणि खाली चौऱ्याण्णव टक्के. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी मात्र बोटाने खाली खाली सरकवत शिवणकामवाल्या बाईंचं नाव शोधलं. तिच्या नावापुढे टक्के नव्हते, एक राखाडी गोल होता आणि 'उत्तरं मिळालेली नाहीत' असं लिहिलं होतं. वहिनींनी फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मग हिचं काय समजायचं?"

त्यावर मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "जिला साधा पेपर लिहायला वेळ नाही, ती पास कशी होणार?" बायका हसल्या. वहिनीही हसल्या, जराशा उशिरा.

मतदानाच्या दिवशी त्या शाईचं बोट दाखवायला वर आल्या. म्हणाल्या, "तुमी सांगितलाव तसंच केलं, बाई. माझं मन तिकडंच होतं, पण म्हणलं, बाईंना जास्त कळतं." मी खूश होऊन त्यांना लाडू दिला.

गंध लावलेले गृहस्थ निवडून आले. आमच्या एकतीस मतांनी काही ते आले नाहीत, मोठ्या फरकाने आले. शिवणकामवाल्या बाईंना किती मतं पडली ते मी बघितलंसुद्धा नाही. महिन्याभराने मंडळात निवडून आलेल्या साहेबांचा सत्कार ठरला. साहेब अर्धा तास उशिरा आले, पाच मिनिटं बोलले, त्यात तीनदा "मराठी लोगां हमारेच हैं" म्हणाले आणि गेले. त्यांच्याबरोबर आलेली एक चाळिशीची बाई मात्र मागे थांबली आणि थेट माझ्या पाया पडली.

"ओळखलं का, बाई? दहावी ब."

ओळखलं. खिडकीजवळच्या बाकावर बसायची. अभ्यास बेताचा, पण पेपर असा लिहायची की मलाही तिचे मार्क कापायला जागा सापडायची नाही. आता ती साहेबांच्या हपिसात सगळं लिहिण्याचं काम बघत होती. मी कौतुकाने तिला म्हटलं, "अगं, तुमच्या साहेबांचे विचार आणि आमचे, चौऱ्याण्णव टक्के! त्या वेबसाइटवर."

ती हसली. म्हणाली, "त्याची उत्तरं मीच भरली की, बाई! साहेबांना कुठला टाइम? त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वीस प्रश्न, पंधरा मिनिटांत खतम. तुम्हीच नै का शिकवलं, परीक्षकाला काय पाहिजे ते प्रश्नातच असतं म्हणून."

म्हणजे तिकडून माझ्याच विद्यार्थिनीने साहेबांच्या नावाने आदर्श उत्तरं लिहिली, इकडून मी एकतीस बायकांच्या नावाने आदर्श उत्तरं लिहिली, आणि मध्ये बसलेल्या त्या यंत्राने दोन्ही वह्या ताडून बघून सांगितलं की विचार जुळतात! जुळणारच. एकाच बाईंचा वर्ग होता. वर्गात दोन वह्या अशा जुळल्या असत्या तर मी दोघींना उभं करून विचारलं असतं, कुणी कुणाचं बघून लिहिलं? इथे त्यालाच लोकशाही म्हणायचं होतं.

मी घरी आले ती धुसफुसतच. सून कामावरून आल्या आल्या मी तिला धारेवर धरलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आई, तुम्ही सगळ्यांना उत्तरं सांगितलीत? अहो, ही परीक्षा नव्हती! प्रत्येकाने आपलं मत द्यायचं होतं."

"मग परीक्षेसारखी का काढली?" मी ओरडलेच. "प्रश्न त्यांचे, चौकोन त्यांचे, टक्के त्यांचे. आमचं काय होतं त्यात? बोट? ज्या गल्लीत गटाराचं पाणी प्यायला येतं तिथे येऊन विचारतात, मीटर बसवू का! काय मोजायचं मीटरने?"

सून म्हणाली, "उमेदवाराने स्वतः उत्तरं दिली नाहीत, तो त्यांचा खोटेपणा आहे. वेबसाइट काय करणार?"

"आणि जिने उत्तरं दिली नाहीत, बाटली भरून नेली, तिला गोल? राखाडी गोल?"

सुनेवर चिडून उपयोग नव्हता हे मला कळत होतं. तिने मला एकटीला प्रश्न दाखवले होते. एकतीस जणींसमोर खडू हातात नसताना खडू धरल्यासारखी उभी राहिले ती मी. ज्यांनी ही वेबसाइट काढली ती पोरं कुठेतरी गार खोलीत बसून समजत असतील की आपण माणसांना विचार करायला लावलं. आणि मी, जिला माणसांना विचार करायला लावण्याचा पगार मिळत होता, मीही तेच समजत होते. त्या पोरांचा राग येतो, साहेबांचा त्याहून जास्त येतो, पण सगळ्यात जास्त ज्या वाक्यावर बायका हसल्या त्या वाक्याचा येतो.

पावसाळा संपता संपता वहिनींची नात तिसऱ्यांदा आजारी पडली. यावेळी कावीळ नव्हती, जुलाब होते, सलाइन लावावं लागलं. मी दवाखान्यात गेले तर पलंगाच्या पायाशी शिवणकामवाल्या बाई बसलेल्या. निवडणुकीत पडून चार महिने झाले होते. त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्यांच्या पिशवीत एक बाटली होती, पिवळ्या पाण्याची, झाकणावर चिकटपट्टी लावलेली. मला त्यांच्याकडे वर बघवेना.

दोन दिवसांनी पोरगी घरी आली आणि वहिनी वर आल्या. त्यांना कॉर्पोरेटर साहेबांच्या नावाने अर्ज लिहून हवा होता. पाण्याच्या हपिसातून सांगितलं होतं, साहेबांची सही आणा. म्हणजे ज्याला मत दिलं त्याच्याच दारात आता उभं राहायचं होतं. मी कागद काढला, पेन काढलं आणि बसल्या बसल्या विचारलं, "वहिनी, त्या गुरुवारी तुम्ही मला ठामपणे का नाही सांगितलंत, की मी त्या बाईंनाच देणार म्हणून?"

"सांगितलं की," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "गटारीचं पाणी कुठं लिहू, म्हणून इचारलं. तुमी म्हणलाव, तसा प्रश्न नाही."

मी मान खाली घातली आणि लिहायला लागले. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की सदर परिसरातील पाणीपुरवठा व्यवस्थेमध्ये...' सवयीने ओळ पुरी झाली. सुनेकडून त्याचं इंग्रजी करून घेणार होते. वहिनींनी विचारलं, "वाचून दावा काय लिहिलं." मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदावर हात ठेवला.

"हे नको, बाई. आता मी सांगते, तुमी लिहा. तुमच्या मनाचं काही घालू नका."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. वहिनी खिडकीकडे तोंड करून एकेक वाक्य सांगत गेल्या. आमच्या नल्ल्याला गटारीचं पाणी यायलंय. माझी नात तीनदा आजारी पडली. तिला आता वरणभात पचत नाही. मी तुम्हाला मत दिलंय, माझ्या मनात नव्हतं तरी दिलंय.

इथे माझा हात थांबला.

"लिहिलाव का?" वहिनींनी विचारलं.

"लिहिते," मी म्हटलं, आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.